पंच्याहत्तर टक्के

मला मोठ्यानं वाचल्याशिवाय गणित सुटत नसे. धारला आप्पांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, शिवणाच्या दुकानात, दोन मशिनींच्या खडखडाटात बसून मी शाळेचा सगळा अभ्यास केला, त्यामुळे ही सवय लागली असावी. तिथं मनातल्या मनात वाचलेलं मनापर्यंत पोचायचंच नाही. बी.एस्सी.साठी देवासला काकांकडे राहायला निघाले तेव्हा आईनं बजावून सांगितलं, की आता दुसऱ्याच्या घरी राहायचं आहे, जरा तोंड मिटून अभ्यास करायला शीक. पण काकीच्या घरी उलटंच झालं. मी ओठ दाबून पुस्तक चाळत बसलेली पाहून काकी म्हणाली, "अगं, वाच की मोठ्यानं. घरात कुणाचा आवाज असला म्हणजे बरं वाटतं." तिनं स्वयंपाकघराच्या उंबऱ्याजवळ एक पाट टाकून दिला आणि तीच माझी अभ्यासाची जागा झाली. पुढ्यात पुस्तक, पाठीला भिंत, आणि नाकाशी फोडणीचा वास. आजही मोहरी तडतडली की मला कुठलंतरी सूत्र आठवतं.

त्या घराला आवाजाची कमी होती असं नाही. टेकरीवरच्या आरतीचा लाउडस्पीकर, कारखान्यांचे भोंगे, गल्लीतून फटफटत जाणारे टेम्पो, समोरच्या चक्कीचा पट्टा, सगळं भरपूर होतं. कमी होती ती बोलण्याची. काका, म्हणजे आप्पांचे धाकटे भाऊ, कारखान्यात पाळीवर जात, येत, जेवत आणि गरजेपुरतं बोलत. आणि त्यांचा मुलगा नंदू, जो तेव्हा चारेक वर्षांचा होता, त्याला ऐकू येत नव्हतं. एका दिवाळीत गल्लीतल्या पोरांनी त्याच्या अगदी पाठीमागे सुतळी बॉम्ब लावला. सगळी पोरं कानावर हात ठेवून पळाली आणि नंदू आपला हातातली फुलबाजी बघत उभा. तेव्हा कळलं. त्याआधी सगळे त्याला हट्टी समजत होते. तेव्हापासून काकीच्या हाताला एक खोड लागली होती. नंदू पाठमोरा बसला असला की जाता-जाता ती उलथनं ताटलीवर आपटायची. रोज, आणि दिवसातून कितीदातरी. काही होणार नाही हे तिलाही ठाऊक होतं, पण हात थांबत नसे.

त्या घरात दोष सगळ्यांनी वाटून घेतला होता. काकी काकांच्या सख्ख्या मामाची मुलगी, मनावर गावची. हे लग्न आप्पांनी जमवलेलं, घरातली पोरगी घरातच राहील म्हणून. इंदूरच्या डॉक्टरांनी नात्यातल्या लग्नाचं कारण सांगितल्यापासून आप्पा देवासला यायचे तेव्हा नंदूकडे बघून बोलत नसत. त्याच्यासाठी शिवून आणलेला सदरा-चड्डीचा जोड कोनाड्यात ठेवायचे आणि दुपारच्या बसनं परत निघायचे. काकीला डॉक्टरांपेक्षा ग्रहणाचं कारण जास्त पटलेलं होतं. पोटुशी असताना तिनं ग्रहणात भेंडी चिरली होती म्हणे. काका काहीच बोलत नसत, म्हणजे त्यांनी सगळ्यांत मोठा वाटा उचलला असणार. या वाटणीत माझा काहीच भाग नव्हता. मी पाहुणी होते, तरुण होते, आणि गणित मला येत होतं.

दुसऱ्या वर्षाला आम्हाला प्रायिकता होती. आमचं सगळं शिक्षण हिंदीतून, त्यामुळे प्रायिकता, द्विपद बंटन असंच तोंडात बसलेलं. मराठीत याला संभाव्यता म्हणतात हे मी फार पुढे वाचलं, आणि तेव्हाही तो शब्द मला परक्याच्या घरच्या भांड्यासारखा वाटला. कॉलेजातले सर शिकवायचे थोडं आणि उदाहरणं द्यायचे भरमसाठ. ती सोडवताना मला खरोखर सुख वाटायचं. बल्बच्या पेटीतले खराब बल्ब, पुस्तकाच्या पानावरच्या छपाईच्या चुका, टेलिफोन एक्सचेंजला एका मिनिटात येणारे फोन. जगातली प्रत्येक भानगड शेवटी एका ओळीत बसायची. आधी विचारायचं, यश म्हणजे काय. मग त्याची प्रायिकता लिहायची, एकातून ती वजा करायची, किती वेळा प्रयोग झाला ते बघायचं, आणि सूत्रात घालायचं. 'किमान एक' असं विचारलं असेल तर एकेक करून बेरीज करत बसायचं नाही. 'एकही नाही' काढायचं आणि एकातून वजा करायचं. ही युक्ती पहिल्यांदा कळली तेव्हा मी पाटावरून उठून काकीला सांगायला गेले होते. तिला काही कळलं नाही, पण ती माझ्या आनंदात हसली.

तो भुट्ट्यांचा, मक्याच्या कणसांचा हंगाम होता. काकी परातीत भुट्टे किसत बसली होती, कीस करायचा होता. दूध तापत होतं, नंदू दारात कणसाची साल सोलून तिची बाहुली करत होता. मी वाचत होते: एका परिवारात चार मुलं आहेत, मुलगा किंवा मुलगी होण्याची प्रायिकता समान आहे, तर किमान एक मुलगी असण्याची प्रायिकता किती. किसणीचा आवाज थांबला. काकीनं विचारलं, पुस्तकात असं मुलाबाळांचंपण असतं का. मी म्हटलं, असतं, सगळ्याचं असतं. मग तिनं हात पदराला पुसले आणि इंदूरच्या डॉक्टरांनी सांगितलेली आणखी एक गोष्ट मला सांगितली, जी तिनं तोपर्यंत घरात कुणाशी बोललेली नव्हती. डॉक्टर म्हणाले होते, तुमच्या दोघांच्या रक्तात ते आहे, चारात एक मूल असं होणार. "मग चारातला एक नंदू झाला ना," काकी म्हणाली. "आता पुढचे तीन नीट निघतील. हेच म्हणाले ना ते?"

मला अजून आठवतं, मला किती उत्साह आला होता. हीच चूक करू नका म्हणून सरांनी आदल्याच आठवड्यात आम्हाला बजावलं होतं. मी काकीला सांगितलं की तसं नसतं, प्रत्येक वेळी नव्यानं चारात एक. ती बघत राहिली. मग मी तिच्या चंगा-अष्ट्याच्या डब्यातले दोन फोडलेले चिंचोके काढले, एका बाजूनं काळे, दुसऱ्या बाजूनं पांढरे. एक चिंचोका काकांचा, एक तुझा. दोन्ही पांढरे पडले तर मूल नंदूसारखं. बाकी काहीही पडलं तर चांगलं. टाक. तिनं टाकले. एक काळा, एक पांढरा. पुन्हा टाक. दोन्ही काळे. पुन्हा. तिनं कितीतरी वेळा टाकले आणि त्या दुपारी दोन्ही पांढरे एकदाही पडले नाहीत. असंही होतं, याचंही गणित असतं, पण ते मी तेव्हा मांडलं नाही. काकीचा चेहरा उजळत गेला आणि मला वाटलं, शिकवणं म्हणजे हेच.

"म्हणजे नीट होण्याचं किती?" तिनं विचारलं.

"चारात तीन. पंच्याहत्तर टक्के," मी म्हटलं, आणि इथवर सगळं बरोबर होतं. इथंच थांबायला हवं होतं. पण मी पुढे म्हणाले, "काकी, पंच्याहत्तर टक्के म्हणजे डिस्टिंक्शन. बोर्डात एवढे पडले तर लोक पेढे वाटतात. मी तुझ्या जागी असते तर घाबरले नसते."

मी एकोणीस वर्षांची होते. मी कुणाच्याच जागी कधी नव्हते.

त्या संध्याकाळी काका जेवायला बसले तेव्हा काकीनं त्यांच्या ताटात कीस वाढला आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "सुमन म्हणते, पंच्याहत्तर टक्के." काकांनी घास हातात धरून माझ्याकडे पाहिलं. त्या माणसानं माझ्याकडे इतकं सरळ कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी एवढंच विचारलं, "पक्कं?" मी म्हटलं, पक्कं काका, एकदम पक्कं. ते पुन्हा खाली बघून जेवू लागले. पुढं त्या नवराबायकोत काय बोलणं झालं मला ठाऊक नाही. पण काही आठवड्यांनी काकीनं मला सांगितलं की तिला दिवस गेले आहेत, आणि माझ्या हातावर गुळाचा खडा ठेवला, जणू बातमी माझीच होती.

ते महिने मी फार आनंदात काढले याची आता मला लाज वाटते. काकीला आंबट लागायचं म्हणून मी बाजारातून आमचूर आणायची, ग्रहण आलं तेव्हा तिच्याबरोबर मीही विळी-सुरीला हात न लावता बसून राहिले, आणि वर तिला हसून म्हटलं, याचा काही संबंध नाही हं. कॉलेजात मैत्रिणींना मी ती गोष्ट सांगितली, चिंचोक्यांची. सगळ्यांना ती आवडली. रंगपंचमीला शहरात गेर, रंगाची मिरवणूक, निघाली होती, गल्लीत ढोल वाजत होते, आणि त्या गदारोळात काकीला मुलगी झाली. गोरीपान, गुटगुटीत, भरपूर जावळाची. तिचं नाव उज्ज्वला ठेवलं. पण पहिल्या दिवसापासून तिला सगळे उजूच म्हणू लागले.

उजू बसायला लागली तेव्हा मी शेवटच्या वर्षात होते. काकीनं ताटली वाजवायची आपली खोड उजू झाल्यापासून पार बंद केली होती. भांडीसुद्धा ती हळू ठेवायची. मला वाटायचं, बाळ झोपतं म्हणून. एका रविवारी सकाळी काका कामावर गेल्यावर तिनं मला हाक मारली. उजूला तिनं चटईवर उशांच्या आधारानं बसवलं होतं, दाराकडे तोंड करून, समोर नंदू. काकीच्या हातात पितळी थाळी आणि लाटणं होतं. ते तिनं माझ्यापुढं धरलं.

"तू वाजव," ती म्हणाली. "माझा हात उठत नाही."

मी उजूच्या मागे जाऊन उभी राहिले. तिच्या मानेवर घामोळं आलं होतं, जावळ ओलं होऊन चिकटलं होतं. मी लाटणं मारलं. थाळी घणघणली, खिडकीतली चिमणी उडाली. उजूनं मूठ तोंडातून काढली नाही. मी पुन्हा मारलं, जोरात. समोर बसलेल्या नंदूला माझा वर गेलेला हात आणि हलणारी थाळी दिसत होती; त्याला तो खेळ वाटला आणि तो खदखदून हसू लागला. त्याला हसताना बघून उजूही हसली. टाळ्या पिटल्यासारखे हात हलवत ती हसत राहिली, त्याच्याकडे बघून, आणि मी वाजवत राहिले. शेवटी काकीनं माझ्या हातातलं लाटणं काढून घेतलं.

ती रडली नाही. थाळी भिंतीला टेकवून ठेवली, उजूला उचलून मांडीवर घेतलं आणि मला विचारलं, "गणित चुकलं का गं?"

मी म्हटलं, "नाही काकी. गणित बरोबर होतं."

मी आयुष्यभर मुलांना गणित शिकवलं, हजारो बरोबर उत्तरांवर बरोबरच्या खुणा केल्या, पण एवढं निर्दय बरोबर उत्तर मी पुन्हा दिलं नाही. ती फक्त मान हलवून म्हणाली, "बरं." तेवढ्यानंच माझी सुटका झाली आणि तेवढ्यानंच मी अडकले. तिनं मला बोल लावला असता तर मी भांडले असते, सरांचं नाव घेतलं असतं, डॉक्टरांनीही हेच सांगितलं होतं म्हटलं असतं. तिनं दुपारी मला नेहमीसारखंच वाढलं. कढी होती. न खाण्याची हिंमत मला झाली नाही.

त्यानंतर मी कॉलेजच्या लायब्ररीत अभ्यास करायला लागले. घरी जोरात वाचता येत नाही, असं मी काकीला सांगितलं. तिनं पाट उचलून भिंतीला लावून ठेवला आणि काही विचारलं नाही. शेवटच्या परीक्षेतही द्विपद बंटनाचा प्रश्न आला, मी तो पूर्ण सोडवला, उत्तराखाली दोन रेघा मारल्या. निकाल लागला तेव्हा आप्पांनी धारला दुकानात पेढे मागवले. मी ते बाहेर वाटू दिले नाहीत. आप्पांना वाटलं, मुलगी नम्र आहे.

पुढं मी धारलाच शिक्षिका झाले, लग्न झालं, मुलं झाली, तीही ऐकणारी-बोलणारी, आणि प्रत्येकाच्या वेळी मी बाळंतिणीच्या खोलीत टाळी वाजवून पाहिली. धारहून देवास काही लांब नाही. इंदूरला बस बदलायची की झालं. तरी मी जात नसे. जायला कारण लागलं तर जायचे: काकांचं आजारपण, नंदूचं लग्न. सकाळी पोचायचं, सगळ्यांच्या पाया पडायचं, उजूच्या हातात काहीतरी भारी वस्तू ठेवायची, आणि दुपारच्या बसनं परत. आप्पा जसे निघायचे तशीच मी निघत होते, हे मला माझ्या नवऱ्यानं दाखवून दिलं. वर्गात प्रायिकतेचा धडा आला की मी फासे आणि पत्ते शिकवायची. परिवारातल्या मुलांची उदाहरणं मी घरी करा म्हणून सोडून द्यायची.

तिकडं त्या घराचं काय झालं ते मी तुकड्यातुकड्यानं ऐकत होते. काकीनं दोन्ही मुलांना इंदूरच्या मूकबधिरांच्या शाळेत घातलं. सोमवारी पोचवायला आणि शनिवारी आणायला ती स्वतः बसनं जायची. तिथं बसून तीही खुणा शिकली. काकांचं तर नवलच झालं. तोंडानं दोन वाक्यं न बोलणारा माणूस हातांनी घडाघडा बोलू लागला. कारखान्यातल्या गमती, साहेबांच्या नकला, सगळं मुलांना करून दाखवायचा. मी एकदा पाहिलं होतं. जेवण झाल्यावर चौघंही ओट्यावर बसून हात हलवत होते, आणि काका हसून हसून मागे कलंडले होते. मी दारात उभी होते. मला एक अक्षर कळलं नाही. मी म्हटलं, माझी बस आहे.

गेल्या वर्षी माझ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. नवरा आता नाही, मुलं पुण्या-बंगलोरला. काही न विचारता उजू आली. इंदूरला ती सरकारी कचेरीत कॉम्प्युटरवर असते. रजा टाकून, बॅग घेऊन धारला माझ्या दारात उभी. तिचा नवरा खातेगावचा, त्यालाही ऐकू येत नाही. तो तिला सोडून चहा घेऊन परत गेला. ती माझ्या डोळ्यात वेळेवर औषध घालायची, भाजी-भाकरी करायची, आणि रोज सायंकाळी फोनवर आपल्या माणसांशी चेहरा बघून बोलायची, दोन्ही हात मोकळे राहावेत म्हणून फोन पाण्याच्या तांब्याला टेकवून. एकदा त्या फोनवर नंदू होता. त्यानं माझ्याबद्दल काही विचारलं असावं, कारण त्यानं कानाची पाळी चिमटीत धरली आणि उजूनं माझ्याकडे बोट केलं. त्यांच्यात प्रत्येक माणसाला खुणेचं नाव असतं, एवढं मला ठाऊक होतं. मला वाटलं, माझ्या कुड्यांवरून ठेवलं असेल.

उजूला मराठी वाचता येत नाही, शाळा हिंदीतून. आमचं बोलणं व्हायचं ते तिच्या फोनवर हिंदीत लिहून. मी विचारलं, माझं नाव कुड्यांवरून आहे ना. ती हसली. मग हसू थांबवून तिनं बराच वेळ काहीतरी लिहिलं आणि फोन माझ्या चांगल्या डोळ्यासमोर धरला. "कुड़ी नहीं। कान पकड़ना। माफ़ी। बचपन से तुम जब भी आती थीं, तुम्हारा मुँह ऐसा ही रहता था।" आणि तिनं तो चेहरा करून दाखवला. भुवया पडलेल्या, ओठ आत ओढलेले, नजर जमिनीला. मी आरशात स्वतःला इतकं स्पष्ट कधी पाहिलं नव्हतं.

मग मी लिहिलं. एका डोळ्यानं अक्षरं नीट दिसत नव्हती, तरी सगळं लिहिलं. कीस, चिंचोके, डिस्टिंक्शन, थाळी. लिहिता लिहिता मला जाणवलं, की मी हे जिला लिहीत होते तिच्याच जन्माबद्दल मला वाईट वाटतंय, असं मी तिला कळवत होते. पण तोवर तिनं वाचलं होतं. तिला त्यात नवल वाटलं नाही. तिनं लिहिलं: "पता है। मम्मी ने बताया था। तुमने हिसाब बताया, इसलिए मैं हूँ। तो माफ़ी किस बात की?" आणि उठून माझ्यासाठी कपभर दूध गरम करायला गेली.

डोळ्याची पट्टी सुटल्यावर आम्ही दोघी देवासला गेलो. काका जाऊन बरीच वर्षं झाली. काकी आता नंदूकडे असते. सत्तरी ओलांडली, गुडघे गेलेत, पण हात अजून चपळ. आमच्यासाठी तिनं सुनेकडून दाल-बाफले करवून घेतले होते. जेवण झाल्यावर मी तिच्या खाटेशी बसले आणि विचारलं, माझ्या पंच्याहत्तर टक्क्यांवर भरवसा ठेवूनच तू दुसरं मूल होऊ दिलंस ना. ती म्हणाली, "अगं, तुला विचारलं तेव्हा दिवस तर कधीच गेले होते. यांना सांगायची हिंमत होत नव्हती. हे म्हणाले असते, चल इंदूरला, पाडून मोकळी हो. नंदूच्या वेळेपासून घाबरले होते ना. मला मूल पाहिजे होतं, कसंही. यांच्यापुढं ठेवायला काहीतरी शिकलेल्या माणसाचं पाहिजे होतं, म्हणून तुला विचारलं."

भुट्टे ते रंगपंचमी, जेमतेम सहा-सात महिने. मी गणिताची विद्यार्थिनी, आणि मला बाईचे महिने मोजता आले नव्हते. माझ्या आत काहीतरी सैल होऊ लागलं होतं, आणि मी त्याला होऊ देत होते. सगळं आयुष्य ज्याचं ओझं वाहिलं ते माझं नव्हतंच, असा विचार मनात आलाही.

काकी तेवढ्यावर थांबली नाही. उजूच्या वेणीतून हात फिरवत, तक्रार म्हणून नाही, नुसतं आठवलं म्हणून ती म्हणाली, "पण तू येईनाशी का झालीस, ते मला कधी समजलं नाही. उजू मोठी झाली ना, न्हाण आलं, तेव्हा ती फार घाबरली. मला वाटतंय मरते, असं हातानं सांगत होती. मला तेव्हा त्या गोष्टीच्या खुणा येत नव्हत्या. तिच्या शाळेला सुट्ट्या होत्या. वाटलं, तू शिकलेली, तू लिहून समजावशील. तुला निरोप पाठवला होता धारला. चार दिवस वाट बघितली."

तो निरोप मला मिळाला होता. माझ्या शाळेत परीक्षा आहेत म्हणून मी कळवलं होतं. परीक्षा होत्या, तेही खरंच.

उजू आमच्या दोघींच्या तोंडांकडे बघत होती. काकीचे ओठ तिला वाचता येतात, पण काकी खाली बघून बोलली होती. काय चाललंय, असं तिनं हातानं विचारलं. काकीनं माझ्याकडे पाहिलं. सांगायचं मलाच होतं. मी दोन्ही हात वर घेतले. तू घाबरलीस तेव्हा मी आले नाही, एवढंच सांगायचं होतं, आणि त्यातल्या एकाही शब्दाची खूण मला येत नव्हती. हात तसेच हवेत राहिले. उजूनं मांडी घातली, माझ्याकडे वळून बसली, आणि माझ्या हातांकडे बघत वाट पाहू लागली.